प्रणाली ऐकते म्हणजे कोण ऐकतं?

घरात तिला सगळे फौजदार म्हणायचे. नाव नवऱ्यानं ठेवलेलं, पण पुढे नणंदांच्या आणि भाचरांच्या तोंडीही तेच बसलं. दुधाची पिशवी घेताना तारीख दोनदा वाचणार, मीटर बघायला आलेल्या माणसाकडे ओळखपत्र मागणार, आणि कुणी ‘सहजच आलो होतो’ म्हणालं की हा नक्की कशासाठी आला होता याचा दोन दिवस विचार करणार. स्वभावच तसा. त्यात कामानं आणखी भर घातली. औषधाच्या खोक्यात बारीक अक्षरातली घडी घातलेली चिठ्ठी असते ना, ती तिनं अठरा वर्षं लिहिली. गोळी कशासाठी, कधी घ्यायची, कुणी घ्यायची नाही. शब्द इकडचा तिकडे झाला तर माणूस आडवा व्हायचा. ‘गरजेप्रमाणे घ्यावी’ असं कुणी लिहून आणलं की ती विचारायची, “गरज म्हणजे काय? दिवसातून किती वेळा? आणि ठरवणार कोण?”

औषध कंपनीनं तिचा विभाग दुसऱ्या शहरात हलवला तेव्हा ती गेली नाही. घरी बसून मिळेल ते लिहायचं ठरवलं. तिसऱ्याच महिन्यात एक फोन आला. एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीला आपल्या वेबसाइटचं पहिलं पान नव्यानं लिहून हवं होतं.

“लोक पानावर येतात आणि दहा सेकंदांत निघून जातात,” पलीकडचा माणूस म्हणाला. “आमचं काम चांगलं आहे हो. पण ते सांगताच येत नाहीये.”

ऑफिस चष्म्याच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर होतं. जिना इतका अरुंद की वरून कुणी आलं तर खालच्यानं भिंतीला चिकटायचं. कंपनीचं काम लिफ्टसंबंधी, आणि इमारतीला लिफ्टच नाही, हे लक्षात येऊन ती धापा टाकता टाकता हसली. वर तीन खोल्या. पहिलीत मालक, पस्तिशीचा, उंच, बोलताना पेनाचं टोपण सारखं काढणारा-लावणारा. दुसरीत प्रोग्रॅम लिहिणारी एक मुलगी, जिला मालक सरळ चष्मेवाली म्हणून हाक मारायचा आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. तिसरीचं दार लावलेलं.

मालकानं संगणकाच्या पडद्यावर पान उघडून दाखवलं. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘उभ्या प्रवासाला बुद्धिमत्तेची साथ. आमची प्रणाली ऐकते, समजते आणि सावध करते.’

“उभा प्रवास म्हणजे?” तिनं विचारलं.

“लिफ्ट.”

“मग लिफ्ट म्हणा ना.”

मालक ओशाळून हसला आणि सांगू लागला. इमारतीचा माणूस लिफ्टच्या जमिनीवर मोबाइल ठेवतो, एकदा वर आणि एकदा खाली नेतो, मिनिटभराचा आवाज टिपतो आणि कंपनीकडे पाठवतो. दोन तासांच्या आत त्याला उत्तर मिळतं: अमुक भाग झिजतोय, इतक्या दिवसांत बघा, किंवा काळजीचं कारण नाही. लिफ्ट अचानक बंद पडण्याआधी कळतं. बस्स, एवढंच.

फौजदार चाटच पडली. इतकं सोपं, कामाचं आणि चांगलं काहीतरी करणाऱ्या लोकांनी पानावर हा काय भुलभुलैया रचून ठेवला होता!

“छान आहे की! आता एकच सांगा. तो आवाज ऐकतं कोण?”

“प्रणाली.”

“म्हणजे नक्की काय?”

“म्हणजे… प्रणाली. आमची.” टोपण निघालं, लागलं, पुन्हा निघालं. “तुम्ही ‘प्रणाली’ असंच लिहा ना ताई. लोकांना चालतं.”

तिच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हाच. बाकी सगळं हा माणूस डोळ्याला डोळा भिडवून सांगत होता. एवढंच टेबलाकडे बघून म्हणाला.

मग तिनं चष्मेवालीला धरलं. त्या पोरीनं आवाज कसा साठवतात, उत्तर कसं पाठवतात, सगळं कागदावर चौकोन काढून समजावलं. चौकोन, बाण, चौकोन, बाण. मधला एक चौकोन मात्र तिनं रिकामा ठेवला.

“यात काय होतं?”

“ते जरा गुंतागुंतीचं आहे ताई.”

“मला वेळ आहे.”

“मला नाहीये,” ती पटकन म्हणाली, आणि मग स्वतःच लाजून पडद्याकडे वळली.

बंद खोलीबद्दल विचारलं तर मालक म्हणाला, “तिथे सर्व्हर आहे. आत गार ठेवावं लागतं, म्हणून दार उघडत नाही.” ठीक. पण संध्याकाळी खाली उतरून तिनं रस्त्याच्या पलीकडून वर पाहिलं, तर तिसरी खिडकी सताड उघडी आणि गजांवर एक पंचा वाळत घातलेला.

घरी जाऊन तिनं नवऱ्याला सांगितलं. तो टपालखात्यात होता. माणसं नि पाकिटं यांत फार फरक करत नसे, दोन्ही वेळेत पोचली की त्याचं समाधान. “सर्व्हर आंघोळ करत असेल,” तो म्हणाला आणि परत जेवायला लागला.

पण तिला हसू येईना. तिला भलतीच शंका येत होती. लिफ्टच्या जमिनीवर ठेवलेला चालू मोबाइल! लोक लिफ्टमध्ये काय काय बोलतात. दार बंद झालं की माणूस सैल सुटतो. नवरा-बायको भांडतात, डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरला खरं काय ते सांगतो, कुणी कुणाबद्दल कुजबुजतं. हे सगळं कुठंतरी साठत असेल आणि त्या बंद खोलीत कुणीतरी ते ऐकत बसत असेल तर? ‘आमची प्रणाली ऐकते.’ अगदी खरंच लिहिलंय मेल्यांनी, तिच्या मनात आलं. अशा लोकांचं पान आपण लिहायचं, तेही सोप्या शब्दांत, म्हणजे लोकांनी विश्वास ठेवावा म्हणून?

दुसऱ्या दिवशी तिनं युक्ती केली. “गिऱ्हाइकाची भाषा कळायला हवी,” असं सांगून मागच्या तीन महिन्यांत गेलेली सगळी उत्तरं मागून घेतली. मालकानं आढेवेढे घेतले, पण नाही म्हणायला त्याला कारण सापडेना. चष्मेवालीनं जाडजूड गठ्ठा छापून दिला आणि फौजदार खिडकीजवळ बसून, औषधाची चिठ्ठी तपासायची तशी, ओळ न ओळ वाचू लागली.

आधी वेळा दिसल्या. प्रत्येक उत्तराखाली ते कधी गेलं हे छापलेलं होतं. सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत उत्तरंच उत्तरं. पण दुपारी एक ते अडीच एकही नाही. रविवारी एकही नाही. तिनं तीन महिन्यांची पानं पुन्हा चाळली. यंत्र जेवायला जातं? जेवून वर डुलकी काढतं?

मग शब्द दिसले. बहुतेक उत्तरं कोरडी होती: ‘दाराच्या मोटरचा पट्टा सैल. पंधरा दिवसांत बदलावा.’ पण मधेच एक ओळ निसटलेली: ‘मोटर कण्हते आहे. तेलानं भागायचं नाही, बेअरिंग बघा.’ आणि एक: ‘दार बंद होताना ठेच खातंय.’ कण्हते? ठेच खातंय? हे संगणकाचं बोलणं नव्हतं. हे कुणीतरी बोललेलं होतं.

शेवटी मागच्या महिन्यातले चार दिवस तिच्या हाती लागले. सोमवार ते गुरुवार. एकतीस उत्तरं, आणि एकतीसच्या एकतीस सारखी: ‘काळजीचं कारण नाही.’ एक अक्षर कमी नाही, जास्त नाही. त्यातली तीन तर दुपारी सव्वा ते दोनच्या दरम्यान गेलेली. त्या चार दिवसांत प्रणाली जेवली नव्हती, झोपली नव्हती, आणि तिला एकाही लिफ्टमध्ये काहीही सापडलं नव्हतं. एरवी दर तीन लिफ्टमागे एकीत काहीतरी निघायचंच.

तिनं गठ्ठा मिटला. काय ते कळेना, पण इथे पाणी मुरत होतं हे नक्की.

मालक एका गिऱ्हाइकाकडे गेला होता. चष्मेवाली फोनवर बोलत जिन्यात उभी होती. फौजदार उठली आणि तिसऱ्या खोलीच्या दाराशी गेली. कुलूप असेल असं ती धरूनच चालली होती. पण नुसतं ढकललं आणि दार मुकाट्यानं उघडलं.

आत सर्व्हर नव्हता. टेबल, त्यावर एक जुना संगणक, पडद्याकडे पाठ फिरवून ठेवलेली खुर्ची, आणि खुर्चीत सत्तरी ओलांडलेला एक रुंद खांद्यांचा म्हातारा. कानांवर मोठे, काळे हेडफोन. डोळे उघडे, पण बुबुळांवर दुधाची साय आल्यासारखे. कोपऱ्यात एक पलंग, खिडकीच्या गजांवर पंचा.

त्याला चाहूल लागली. हेडफोन मानेवर ओढून तो म्हणाला, “चहा का? आज लवकर?”

“चहा नाही. मी… मी पान लिहायला आलेय. कंपनीचं.”

“अरे वा! ये, ये, बस. पलंगावर बस. तू ती बाई होय? कालपासून नवीन पावलं ऐकतोय. उजवा पाय जरा जपून टाकतेस. गुडघा?”

गुडघाच होता. तिनं बसता बसता पदर सावरला आणि क्षणभर काय विचारायला आलो हेच ती विसरली.

म्हातारा मालकाचा मामा होता. सगळे त्याला मामाच म्हणायचे. चाळीस वर्षं त्यानं लिफ्ट दुरुस्त केल्या. डोळे गेले तसं काम सुटलं, आणि घरी बसून त्याचं डोकं फिरायची वेळ आली. एकदा भाच्याबरोबर कुठल्याशा इमारतीत गेला असताना खालीच थांबून म्हणाला, या लिफ्टनं जाऊ नकोस, हिची वरची कप्पी निखळतेय. दोन दिवसांनी लिफ्ट अडकली. तिथून भाच्याच्या डोक्यात हे सगळं आलं. मामा ऐकणार, तोंडानं सांगणार, चष्मेवाली टिपून घेणार, आणि या सगळ्यावरून हळूहळू संगणक शिकणार. वर्षभरात तो शिकेल, मग मामा मोकळे, असं ठरलं होतं. त्याला आता तीन वर्षं झाली होती.

“तो शिकत नाही,” मामा समाधानानं म्हणाला. “अर्ध्या वेळा चुकतो. ढढ्ढोबा आहे. आणि ती पोरगी माझे शब्द बदलते. मी म्हणतो कण्हतेय, ती लिहिते कंपन. अगं, कंपन म्हटलं तर लिफ्टवाल्याला काय कळणार? कण्हतेय म्हटलं की तो जाऊन कान लावेल.” त्यानं हेडफोन पुढे केले. “हे ऐक.”

तिला नुसती घरघर ऐकू आली.

“थांबायच्या आधी बघ. ‘टक’ ऐकलास? तो ब्रेक. तो टक असा कोरडा, स्वच्छ आला पाहिजे. त्याच्या आधी खरखर आली, की समजायचं.”

तिला टकही ऐकू आला नव्हता. तिनं दुसराच प्रश्न विचारला, जो तिला रात्रंदिवस कुरतडत होता. “यात माणसांचं बोलणंही येत असेल ना?”

“येतं कधीकधी. मागे एक बाई रडत होती. एकटीच. मी हे काढून ठेवतो तेव्हा. आपल्याला काय करायचंय? पण तसं व्हायला नको खरं तर. रिकामी लिफ्ट टिपायला सांगितलं पाहिजे लोकांना. लिही तू ते.”

तिनं वहीत लिहून घेतलं. छातीवरचं अर्धं ओझं उतरलं होतं. अर्धं नाही.

“मामा, गिऱ्हाइकांना माहीत आहे ना, तुम्ही ऐकता ते?”

“म्हणजे काय! विचारतात माझ्याबद्दल. भाचा येऊन सांगतो ना. त्या डोळ्यांच्या दवाखान्यातली सिस्टर म्हणाली म्हणे, मामांना माझा नमस्कार सांगा. एक कारखानदार तर म्हणाला, मामा आहेत तोवर मला घोर नाही.” तो खुशीत होता. “तू काय लिहिलंयस पानावर? वाच बघू. आधीचंच वाच. मला कुणी वाचून दाखवलंच नाही.”

तिला कळलं की वाचू नये. तिला हेही कळलं की ‘नंतर वाचते’ म्हणून उठून जाता येईल. पण अठरा वर्षं तिनं लोकांना, ज्यांना डोकं दुखणं एवढंच कळत होतं त्यांनाही, गोळीत काय आहे ते सांगितलं होतं. तिनं वहीत उतरवलेलं ते पान काढलं आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. उभा प्रवास. बुद्धिमत्तेची साथ. प्रणाली ऐकते, समजते आणि सावध करते.

मामा मान एका बाजूला करून ऐकत होता, लिफ्ट ऐकतो तसाच.

“यात मी कुठे आहे?”

“प्रणाली म्हणजे तुम्ही, मामा.”

तो हसला. मग हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं आणि हळूहळू उतरलं. खाली चष्म्याच्या दुकानाचं शटर कुणीतरी अर्धं ओढलं. त्या आवाजाकडे त्याचं लक्ष गेलं नाही, यावरून तिनं काय ते ओळखलं.

आता थांबावं असं तिला वाटलं, पण चार दिवस तिच्या डोक्यातून जात नव्हते. “मामा, मागच्या महिन्यात तुम्ही आजारी होतात का? सोमवार ते गुरुवार?”

“तापानं फणफणलो होतो. छाती भरलेली, कानात नुसता वारा. घरीच पडून होतो. का गं?”

“त्या चार दिवसांत एकतीस उत्तरं गेली आहेत.”

“कुणी ऐकलं?”

ती उत्तर देणार तोच दारातून आवाज आला, “मामा.” मालक परत आला होता. चष्मेवाली त्याच्या मागे. त्याच्या हातात पेन नव्हतं, म्हणून तो बोटंच मोडत होता.

“भाचेबुवा,” मामा शांतपणे म्हणाला, “कुणी ऐकलं?”

“संगणकानं. मामा, तुम्ही अंथरुणात होतात. मी लोकांना काय सांगणार होतो? प्रणालीला ताप आलाय?”

“त्या ढढ्ढोबानं?”

“त्याला काही वावगं वाटलं नाही तर तो ‘काळजीचं कारण नाही’ म्हणतो.”

“आणि त्याला कळलंच नाही तर?” फौजदारनं विचारलं.

मालकाच्या मागून चष्मेवाली बारीक आवाजात म्हणाली, “तरी तेच म्हणतो. मी त्यांना सांगितलं होतं.” आणि मग तिला रडूच कोसळलं. “मी सांगितलं होतं, आणि तरी मीच पाठवली.”

“रडू नंतर,” मामा म्हणाला. “ते एकतीसही आवाज लाव. पहिल्यापासून.”

एक वाजला. जेवणाचा डबा टेबलावर तसाच राहिला. मामा ऐकत होता, चष्मेवाली एकेक आवाज लावत होती, फौजदार वहीत आकडे घालून पुढे खुणा करत होती. मालक दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. त्याला बस म्हणायचं कुणाला सुचलं नाही. ठीक. ठीक. पट्टा सैल, घाई नाही. ठीक. दाराखालच्या खाचेत कचरा. ठीक. फौजदारला मनातून वाटू लागलं की सगळं निभावलं, आपण उगीच राईचा पर्वत केला.

तेविसाव्या आवाजाला मामानं हात वर केला. “परत.” पुन्हा लावला. “परत. शेवटचा भाग.” तिसऱ्यांदा ऐकताना त्यानं टेबलाची कड घट्ट धरली होती.

“ही कुठली?”

“डोळ्यांचा दवाखाना. चार मजले.”

“किती दिवस झाले?”

चष्मेवालीनं मोजले. “एकोणीस.”

“बंद करायला सांग. आत्ता. आणखी कुणी चढायच्या आत.”

त्या दवाखान्यात डोळ्यांना पट्ट्या बांधलेली माणसं दिवसभर वरखाली करत होती. मालकानं फोन लावला. पलीकडे दवाखान्याची व्यवस्थापक होती आणि तिचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. तिला पटेना. दुपारी पेशंटांची रांग लागलेली, लिफ्ट बंद केली तर त्यांना जिन्यानं कोण नेणार? “तुमच्याच प्रणालीनं लिहून दिलंय, काळजीचं कारण नाही. कागद आहे माझ्यासमोर.”

मालकानं मामाकडे पाहिलं. मग डोळे मिटले.

“बाई, ते खोटं होतं,” तो म्हणाला. “तुमची लिफ्ट कुणी ऐकलीच नव्हती. आज पहिल्यांदा ऐकली. हात जोडतो, बंद करा.”

पलीकडे तिनं कुणाला तरी हाक मारली आणि फोन ठेवला.

साडेचारला दवाखान्याच्या लिफ्टवाल्याचा फोन आला. तो वर मशीनपाशी चढून सगळं उघडून बसला होता. ब्रेकचं अस्तर पार झिजून गेलं होतं, नुसता पत्रा पत्र्याला घासत होता. आणखी आठवडा गेला असता का, तो म्हणाला, माहीत नाही. पण त्याला स्वतःला त्या लिफ्टमध्ये चढायचं धाडस झालं नसतं. “हे आवाजावरून ओळखलं कुणी?”

मालकानं फोन मामाच्या हातात दिला. दोघं वीस मिनिटं बोलत होते. कुठल्या बनावटीची मशीन, कुठलं अस्तर, हल्ली कसलं तकलादू मिळतं. फोन ठेवल्यावर मामा आपल्या थंड डब्याकडे वळला आणि जेवू लागला. भाच्याशी तो त्या दिवशी बोलला नाही, आणि पुढचे आठ दिवसही नाही.

दुसऱ्या दिवशी मालक फौजदारच्या समोर येऊन बसला. त्याची झोप झालेली दिसत नव्हती. “तुम्ही हे काम सोडणार असाल तर मी समजू शकतो.”

“सोडणार नाही. पण खरं तेच लिहीन.”

“ताई, लोकांचा यंत्रावर विश्वास असतो. आंधळ्या म्हाताऱ्याच्या कानावर कोण ठेवणार?”

“तुम्ही ठेवलात की. तीन वर्षं.”

तो नुसता म्हणाला, “मला वाटायचं, आणखी थोडे दिवस. मग संगणक शिकेल आणि पानावरचं खरं होईल.” त्यात लबाडी होती, पण नुसती लबाडी नव्हती, असं तिला वाटलं. आणि असं वाटलं म्हणून तिनं लगेच स्वतःच्याच मनाला दोन उलटतपासणीचे प्रश्न विचारले.

“आणि ते नमस्कार?” ती म्हणाली. “सिस्टरचा, कारखानदाराचा?”

“मी रचलेले,” तो म्हणाला. “मामा उदास बसायचे. त्यांना कुणीतरी विचारावं असं वाटायचं.”

तिनं लिहायला घेतलं. तीन दिवस लागले, आणि त्यातले अडीच दिवस शब्द काढून टाकण्यात गेले. पान असं झालं:

‘तुमच्या लिफ्टचा एक मिनिटाचा आवाज मोबाइलवर टिपून आम्हाला पाठवा. चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस तो ऐकतो आणि काय झिजत चाललं आहे ते दोन तासांत कळवतो. आवाज टिपताना लिफ्ट रिकामी असू द्या. दुपारी एक ते अडीच आणि रविवारी उत्तर मिळणार नाही. ऐकणारा आजारी असेल तर आम्ही तसं कळवू. अंदाजानं ठीक म्हणणार नाही. लिफ्टची ठरलेली तपासणी यामुळे टळत नाही. ती करून घ्याच.’

मामाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, “डोळे गेलेत हेही घाल. नंतर कुणी म्हणायला नको.” तेही घातलं.

त्याआधी एकतीस ठिकाणी पत्रं गेली, त्या चार दिवसांत काय झालं ते सांगणारी. तीही फौजदारनंच लिहिली, सही मालकानं केली. पाच गिऱ्हाइकं सुटली. एकानं तर असं पत्र पाठवलं की मालकानं ते टेबलाच्या खणात ठेवून वर वही ठेवली. दवाखान्याच्या व्यवस्थापकबाईनं सोडलं नाही, पण अट घातली: उत्तर लेखी आलं तरी मामांच्या तोंडून फोनवर ऐकल्याशिवाय ती मानणार नाही. आता दर आठवड्याला ती फोन करते, आणि मामा तिच्याशी बोलताना पंचा झटकून खांद्यावर टाकतो, जणू ती समोरच आहे.

पानावर येणारे आता लगेच निघून जात नव्हते. फार आले असंही नाही, पण जे आले ते मुद्द्याचं विचारत आले. कुणी म्हणे, आमच्याकडे सरकता जिना आहे, तो चालेल का? मामानं सांगितलं, पाठव, बघतो. दुसऱ्या एका शहरातल्या निवृत्त लिफ्टवाल्यानं पान वाचून विचारलं, मलाही ऐकायला बसता येईल का? मामानं त्याला पाच आवाज पाठवून परीक्षा घेतली आणि चार बरोबर आल्यावर कुरकुरत होकार दिला.

महिनाभरानं मालकाला हुरूप आला. तो म्हणाला, “ताई, एक ओळ वाढवू. ‘दहापैकी नऊ वेळा बरोबर.’”

“कुणी मोजलं?” फौजदार म्हणाली.

कुणीच मोजलं नव्हतं. मग ती आणि चष्मेवाली फोन घेऊन बसल्या. मागची शंभर उत्तरं काढली, शंभर ठिकाणी विचारलं की उघडून पाहिल्यावर काय निघालं. दोन आठवडे त्यातच गेले. एक्क्याऐंशी बरोबर, एकोणीस चूक.

मामाला आकडा सांगितला तेव्हा तो फुगून बसला. “त्या एकोणीस जणांनी नीट उघडलंच नसेल.” संध्याकाळपर्यंत कुणाशी धड बोलेना. मालकानं हळूच सुचवलं की आकडा नको, नुसतं ‘बहुतेक वेळा’ लिहू. फौजदारनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं पेनाचं टोपण लावून टाकलं.

पानावर ‘शंभरांपैकी एक्क्याऐंशी’ असं गेलं. दुसऱ्या दिवशी मामानं चष्मेवालीला बोलावून ते एकोणीस आवाज मागितले. रोज चहानंतर एक ऐकायचा, असं त्यानं ठरवलं. पहिले दोन ऐकून त्यानं लिफ्टवाल्यांनाच नावं ठेवली. तिसरा मात्र चार वेळा लावायला सांगितला. मग हेडफोन मानेवर ओढले.

“त्यांचंच बरोबर आहे,” तो म्हणाला. “हा दोर होता. मी दार समजलो. लिहून घे.”

चष्मेवालीनं लिहून घेतलं, या वेळी एकही शब्द न बदलता.